सिएना ते रोम पायी : विया फ्रान्चीजेनाच्या शेवटच्या भागाविषयी काही शंका

मृण्मयी

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या अखेरीस मी आणि माझे वडील इटलीतील विया फ्रान्चीजेना या जुन्या यात्रामार्गाचा सिएना ते रोम हा भाग पायी चालणार आहोत. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक सन ९९० मध्ये रोमला गेला, परतताना त्याच्या ७९ मुक्कामांची यादी लिहिली गेली आणि आजचा मार्ग त्या यादीच्या आधारे पुन्हा आखला गेला, इथपर्यंतचे वाचन झाले आहे. माझ्या शंका प्रत्यक्ष चालण्याच्या आहेत.

वडील ६६ वर्षांचे आहेत. चालण्याची त्यांना जुनी सवय आहे आणि सपाटीवर वीस-बावीस किलोमीटर ते विनासायास चालतात. मात्र लांब उतार लागला की त्यांचे गुडघे दुखू लागतात. अधिकृत आखणीत सिएना ते रोम असे बारा टप्पे आहेत व त्यांपैकी सान क्विरिको दोर्चा ते रादिकोफानी हा टप्पा बत्तीस-तेहतीस किलोमीटरचा, शिवाय शेवटी चढाचा दिसतो. तो एका दिवसात पुरा करावा की मध्ये मुक्काम करावा? प्रवासाचे दिवस वगळता आमच्या हाताशी चौदा दिवस आहेत.

दुसरी शंका मुक्कामांची आहे. यात्रेकरूंच्या निवासांत बहुतेक ठिकाणी लेखी आरक्षण मिळत नाही असे वाचले, तर व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या व्यवस्थेचा पुरावा जोडावा लागतो. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा? आम्ही दोघेही ख्रिस्ती नाही, तेव्हा मठात किंवा चर्चच्या घरात उतरणे तिथल्या लोकांना खटकेल का, हेही जाणून घ्यायचे आहे. आहारात वडिलांना अंडे चालते, मांस व मासे चालत नाहीत.

शेवटचा प्रश्न असा की, रोममध्ये शिरतानाची वाट मोटारींच्या रस्त्याने जाते म्हणून तो दिवस गाळून आगगाडीने जावे, असा सल्ला बरेच जण देतात. तो मानावा का?

अनवट

मृण्मयी, टप्प्यांचा तक्ता पाहताना किलोमीटरचा आकडा आधी नजरेत भरतो. या मार्गावर त्या आकड्याइतकेच महत्त्व दोन उघड्या दुकानांमधल्या अंतराला, सावलीला आणि पाण्याला आहे, आणि या तिन्ही गोष्टी तक्त्यात नसतात. सिएना ते पोन्ते दार्बिया हा पहिलाच टप्पा घ्या. अंतर सुमारे २६ किलोमीटर, चढउतार किरकोळ, म्हणून तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात सिएनाचा वेशीदरवाजा मागे पडला की वाट क्रेते सेनेझी नावाच्या चिकणमातीच्या टेकड्यांमध्ये उतरते आणि तिथून पुढे तासन्‌तास झाड म्हणून लागत नाही. सपाट असूनही हा दिवस थकवतो तो त्यामुळेच. वाटेत कूना येथे सांता मारिया देल्ला स्काला या सिएनाच्या मध्ययुगीन रुग्णालयाचे तटबंदीचे धान्यकोठार आहे. यात्रेकरूंना आसरा देणाऱ्या त्या संस्थेचा खर्च ज्या शेतीवर चालत असे, ती शेती तुम्ही दिवसभर पायांखाली घालत असता. सिएना सोडण्यापूर्वी नगरसभेच्या वाड्यात आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये काढलेले सुशासनाचे भित्तिचित्र अवश्य पाहा. त्यातल्या ग्रामीण भागात वेशीतून बाहेर पडणारा रस्ता, नांगरलेल्या टेकड्या आणि ओझी वाहणारी जनावरे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच देखाव्यातून चालू लागता.

एक अपेक्षा मात्र आताच बाजूला ठेवा. सान क्विरिकोच्या आसपासच्या ओर्चा खोऱ्याची जी हिरवीगार छायाचित्रे सर्वत्र दिसतात ती एप्रिल-मे महिन्यांतील गव्हाची आहेत. जूनच्या अखेरीपासून कापणी होते आणि सप्टेंबरमध्ये बहुतेक शेते नांगरून पडलेली असतात, म्हणजे राखाडी व तपकिरी ढेकळांचा प्रदेश आणि कडेला सायप्रसच्या रांगा एवढेच दिसते. मला स्वतःला तो उघडा-बोडका काळच अधिक आवडतो, कारण टेकड्यांचा मूळ आकार तेव्हाच डोळ्यांना कळतो. पण हिरवळीच्या आशेने जाणारा माणूस निराश होतो.

आता रादिकोफानीविषयी. तो टप्पा निःशंक मोडा. सान क्विरिकोहून निघाल्यावर तासा-दीड तासात बान्यो विन्योनी लागते, जिथे गावाच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचे जुने कुंड आहे. त्यानंतर ओर्चा नदी ओलांडली की दुकाने जवळजवळ संपतात. गाल्लीना ही छोटी वस्ती अंतराच्या साधारण मध्यावर, कास्सिया महामार्गालगत आहे आणि मुक्काम तिथेच किंवा तिच्या आसपासच्या शेतघरांत करावा. त्यापुढे ले ब्रिकोले येथे मध्ययुगीन धर्मशाळेचे अवशेष आहेत. सिगेरिकच्या यादीत रोमपासून मोजता सान क्विरिको हा बारावा मुक्काम आहे आणि ब्रिकोले अकरावा. म्हणजे आज एका दमात चालायला सांगितला जाणारा हा पट्टा त्याने स्वतः मध्ये थांबून पार केला होता. रादिकोफानीचा डोंगर तर तो चढलाच नाही. त्याचा दहावा मुक्काम खाली पाल्या नदीच्या खोऱ्यात होता. वरचा रस्ता पुढच्या शतकांत महत्त्वाचा झाला आणि किल्ल्याबरोबर गिनो दी ताक्को या दरोडेखोर सरदाराचे नाव तिथे कायमचे चिकटले. तेव्हा टप्पा मोडल्याने काही उणे होते असे मानण्याचे कारण नाही. शेवटचा चढ जवळजवळ चारशे मीटरचा आहे आणि सप्टेंबरअखेर सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही सातच्या सुमारास होतात, म्हणजे तेहतीस किलोमीटरला हाताशी उजेड बारा तासांचाच उरतो, त्यातली दुपार उन्हाची.

वडिलांच्या गुडघ्यांसाठी मला खरी काळजी चढाची नसून दुसऱ्या दिवशीच्या उताराची वाटते. रादिकोफानी सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे आणि तिथून आक्वापेन्देन्तेकडे जाताना सकाळचे कित्येक तास खडीच्या पांढऱ्या रस्त्याने एकसारखे उतरावे लागते. दोन काठ्या बरोबर असू द्या, आणि त्या दिवसापुरते तरी सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवेच्या हवाली करा. उतार संपल्यावर दोन पर्याय आहेत : कास्सिया महामार्गाच्या कडेने गेल्यास एकूण अंतर चोवीस किलोमीटरच्या आसपास राहते, तर प्रोचेनो गावावरून वळसा घेतल्यास ते तीसच्या पुढे जाते. महामार्गावर मालमोटारी वेगाने जातात आणि चालणाऱ्यासाठी पुरेशी कड नाही, म्हणून मी प्रोचेनोच सुचवेन. गुडघ्यांनी साथ दिली नाही तर प्रोचेनोतच राहावे. महामार्गाच्या बाजूला चेन्तेनो येथे पोपच्या राज्याचे जुने नाके होते आणि १६३३ मध्ये चौकशीसाठी रोमला निघालेल्या गॅलिलिओला प्लेगच्या भीतीने तिथे अडकून पडावे लागले होते. या माहितीसाठी ते पाहावेसे वाटेल, पण तेवढ्यासाठी मालमोटारींच्या शेजारून चालू नये.

सांजवारा

मुक्काम आणि व्हिसा यांविषयी लिहिते.

या मार्गावर राहण्याच्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. एकीकडे चर्चची, मठांची व नगरपालिकांची यात्रेकरूंसाठीची निवासे आहेत. त्यांना ओस्तेल्लो म्हणतात आणि त्यांतली काही ठरावीक अल्प दर घेतात, तर काही ऐच्छिक देणगीवर चालतात. दुसरीकडे खासगी खोल्या आणि आग्रितुरिस्मो म्हणजे शेतावरची पाहुणघरे आहेत, जिथे रीतसर आरक्षण होते व त्याचा लेखी पुरावा मिळतो. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचे किमान संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. राहण्याचा पुरावा जोडताना सर्वांत सरळ मार्ग म्हणजे सर्व रात्री दुसऱ्या प्रकारच्या जागांत, तारीख बदलता येईल किंवा रद्द करता येईल अशा अटीवर आरक्षित करणे आणि सोबत टप्प्यांचा दिवसवार आराखडा देणे. व्हिसा हाती आल्यावर एखाददुसरी रात्र ओस्तेल्लोमध्ये काढावीशी वाटली तर मुदतीत बदल करावा. यजमानाला ताटकळत ठेवू नये.

ओस्तेल्लोत जायचे असल्यास एक-दोन दिवस आधी फोन करणे आवश्यकच आहे. हे स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेपेक्षा फार वेगळे आहे. तिकडे चालणाऱ्यांची गर्दी मोठी असते आणि निवासे ठरलेल्या वेळी नेमाने उघडतात. इथे गावातल्या निवासाची किल्ली अनेकदा एखाद्या स्वयंसेवकाकडे किंवा पाद्रींच्या घरी असते, आणि तुम्ही येणार हे माहीत नसेल तर दार उघडायला कुणी नसते. त्यांना इंग्रजी येईलच असे नाही, म्हणून किती जण, कोणत्या तारखेला, किती वाजता ही तीन वाक्ये इटालियनमध्ये लिहून ठेवावीत. यात्रेकरूचे ओळखपत्र, ज्याला क्रेदेन्झियाले म्हणतात, ते सिएनालाच घ्या आणि रोज त्यावर शिक्का घेत जा. अनेक निवासांत त्याशिवाय प्रवेश मिळत नाही. पासपोर्ट प्रत्येक ठिकाणी मागतील, त्यात गैर वाटू देऊ नका, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवण्याचे बंधन इटलीत यजमानावर असते.

देणगीवर चालणाऱ्या जागांविषयी माझे मत थोडे कडक आहे. देणगी ऐच्छिक आहे याचा अर्थ जागा फुकट आहे असा होत नाही. चादरी धुणे, गरम पाणी, रात्रीचे जेवण आणि सकाळची कॉफी यांचा खर्च कालच्या पाहुण्याने पेटीत टाकलेल्या रकमेतून चालतो. ठरावीक दर घेणाऱ्या ओस्तेल्लोइतकी रक्कम, जेवण घेतल्यास त्याचा खर्च धरून, नक्की ठेवावी.

धर्माचा प्रश्न मात्र मनातून काढून टाका. या निवासांमध्ये तुमचा धर्म कोणी विचारत नाही. संध्याकाळी प्रार्थना असेल तर बोलावतील, नाही आलात तरी चालते. आलात तर शांतपणे मागे बसावे. रादिकोफानीला एक धर्मबंधूसंघ चालवत असलेले निवास आहे आणि तिथे आलेल्या यात्रेकरूंचे पाय धुण्याचा जुना विधी आजही पाळतात. तुमच्या वडिलांना परक्या माणसाने पाय धुवावेत हे कदाचित अवघड वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवा. विनम्रपणे नको म्हटले तरी त्यात अवमान होत नाही.

जेवणाचे फारसे कठीण नाही. टस्कनीत जाड हातवळ्या शेवयांसारखी पीची मिळते आणि ती लसूण-टोमॅटोच्या आल्योने या रसात मागितली की मांस येत नाही. शिळा पाव, घेवडा आणि काळसर कोबी यांची रिबोल्लीता, तसेच टोमॅटो-पावाची पाप्पा अल पोमोदोरो या पदार्थांनी पोट भरते. तरी सूपमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेला नाही ना, हे विचारून घ्यावे. पुढे लाझिओत, म्हणजे रोम ज्यात येते त्या प्रांतात, वितेर्बोच्या बाजूला आक्वाकोत्ता नावाचे रानभाज्या, पाव आणि अंडे यांचे सूप आहे, ते वडिलांना चालेल. टस्कनीचा पाव अळणी असतो. पहिल्या दिवशी तो बेचव लागतो आणि पेकोरीनो या मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर खाल्ल्यावर त्याचे कारण कळते. फक्त चीज घट्ट करण्यासाठी बहुधा कोकराच्या पोटातील द्रव वापरलेला असतो, तेव्हा तुमचा नियम त्याबाबतीत कुठवर आहे ते तुम्हीच ठरवा.

खरी अडचण पदार्थांची नसून वेळांची आहे. किराणा दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात, आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद असतात, आणि रात्रीचे जेवण साडेसातच्या आत क्वचितच मिळते. दुपारचा शिधा सकाळी निघतानाच पिशवीत असला पाहिजे. पाण्याच्या नळावर ‘नोन पोताबिले’ लिहिले असेल तर ते पिऊ नये.

पाथस्थ

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सिएना ते रोम या वाटेचे वर्णन करताना प्रत्येक जण रादिकोफानीपर्यंत रमतो आणि लाझिओचा भाग दोन वाक्यांत आटोपतो. निम्म्याहून अधिक वाट लाझिओत आहे आणि माझ्या मते चालण्याच्या दृष्टीने तोच भाग अधिक चांगला आहे, कारण तिथे सावली आहे. टस्कनीच्या चिकणमातीनंतर इथे ज्वालामुखीचा प्रदेश सुरू होतो. सान लोरेन्झो नुओव्होच्या अष्टकोनी चौकापाशी बोल्सेना सरोवर पहिल्यांदा दिसते. ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखांत साठलेले हे युरोपातले सर्वांत मोठे सरोवर आहे, आणि पुढे त्याच्या काठच्या टेकडीवरून ऑलिव्हच्या बागांतून व ओकच्या रानातून तुम्ही मोन्तेफियास्कोनेपर्यंत जाता. हे टप्पेही आटोपशीर आहेत : बोल्सेना ते मोन्तेफियास्कोने, तिथून वितेर्बो आणि तिथून वेत्राल्ला, तिन्ही सतरा-अठरा किलोमीटरांच्या आसपास. वडिलांच्या गुडघ्यांना विश्रांती इथे मिळेल.

मोन्तेफियास्कोने उतरल्यावर प्राचीन रोमन विया कास्सियाची काळ्या बसाल्टची फरसबंदी काही अंतर जशीच्या तशी पायांखाली येते. ती पाहण्यास सुंदर आणि चालण्यास त्रासदायक आहे, कारण दगडांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत आणि ओल असेल तर पाय सटकतो. कडेच्या मातीवरून चालावे. वितेर्बोच्या अलीकडे वाटेजवळच बान्याच्चो येथे उघड्यावर गरम पाण्याची कुंडे आहेत. वितेर्बोत पोपचा प्रासाद आहे. १२६८ मध्ये पोप निवडण्यासाठी जमलेल्या कार्डिनलांचे १२७१ पर्यंत एकमत होईना, तेव्हा नगरवासीयांनी त्यांना कोंडले, त्यांचे अन्न कमी केले आणि छतही उतरवले, ही हकिगत याच वास्तूतली. वितेर्बोनंतर वाट काही काळ तुफा या मऊ दगडात एट्रस्कन या रोमनांपूर्वीच्या लोकांनी खोल कोरलेल्या खिंडीतून जाते, जिथे भर दुपारीही गारवा असतो.

वेत्राल्ला ते सुत्री या टप्प्यात हेझलनटच्या बागा आहेत आणि सप्टेंबरमध्ये तिथे जमिनीवरची फळे शोषून घेणारी यंत्रे फिरत असतात. धूळ फार उडते, नाकावर रुमाल बांधावा. सुत्रीत एकसंध तुफामध्ये कोरलेले रोमन रंगमंडल आहे. त्याच्या शेजारच्या टेकडीत मिथ्र देवाचे भूमिगत मंदिर होते, त्याचे पुढे चर्च झाले आणि त्याच्या भिंतीवर चालत निघालेल्या यात्रेकरूंची रांग रंगवलेली आहे. ते ठरावीक वेळीच उघडतात, म्हणून सुत्रीला पोचल्याबरोबर आधी वेळ विचारावी व मगच आंघोळ-जेवण पाहावे.

शेवटच्या दिवसाबद्दल माझे मत लोकप्रिय सल्ल्याच्या विरुद्ध आहे. शेवटचा मुक्काम ला स्तोर्ता ते व्हॅटिकनचे सेंट पीटर्स चर्च हे अंतर अठरा-एकोणीस किलोमीटर आहे. त्याचा सुरुवातीचा भाग कास्सिया महामार्गाने जातो, तिथे पदपथ कुठे अरुंद आहे तर कुठे मुळीच नाही, आणि तो भाग खरोखर वाईट आहे. पण त्यानंतर इन्सुगेराता हे राखीव रान लागते आणि मग मोन्ते मारियोची टेकडी येते, जिथून सेंट पीटर्सचा घुमट समोर दिसतो. मध्ययुगीन यात्रेकरू या टेकडीला आनंदाचा डोंगर म्हणत. पूर्ण दिवस गाळणाऱ्याला हे दोन्ही मिळत नाहीत. ज्यांना वाहनांची भीती वाटते त्यांनी ला स्तोर्ताहून वितेर्बो–रोम मार्गावरची उपनगरी गाडी पकडून मोन्ते मारियो स्थानकावर उतरावे आणि तिथून पुढचे अंतर पायी जावे.

सांजवारा

पाथस्थ, तुमच्या सुचवणीला एक पुस्ती जोडते. रोमला पोचल्यावर जे तेस्तिमोनियुम नावाचे प्रमाणपत्र मिळते ते शेवटचे किमान शंभर किलोमीटर पायी चालल्याबद्दलचे आहे आणि म्हणूनच पुष्कळ लोक वितेर्बोहून सुरुवात करतात. सिएनाहून पायी आलेल्या माणसाने शेवटची चार-पाच स्थानके गाडीने केली तर शिक्क्यांवरून ते कोणाच्या लक्षात येणार नाही, हे खरे. पण ते प्रमाणपत्र घेणे त्याच्या मनाला रुचेल का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. मृण्मयी, वडिलांना तो कागद हवा असेल तर रविवारी सकाळी लवकर ला स्तोर्ता सोडा; त्या वेळी कास्सियावरची वर्दळ बरीच कमी असते आणि तोच रस्ता सुसह्य होतो.

मृण्मयी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वडिलांना उत्तरे वाचून दाखवली. सिगेरिक स्वतः ब्रिकोलेला थांबला होता हे कळल्यावर गाल्लीनाच्या मुक्कामाला त्यांनी लगेच संमती दिली. त्याआधी ते एका दिवसात करण्याच्या हट्टावर होते. प्रमाणपत्र त्यांना हवेच आहे, म्हणून शेवटचा दिवस रविवार येईल अशा बेताने तारखा ठरवीत आहे.

आणखी दोन गोष्टी विचारते. मेंढ्यांच्या राखणीच्या कुत्र्यांविषयी बरेच भीतिदायक लिहिलेले आढळते, ते कितपत खरे? आणि सप्टेंबरअखेर पाऊस झालाच तर वाट बंद पडण्याचा संभव कुठे आहे?

अनवट

कुत्रे आहेत. ओर्चा खोऱ्यात आणि क्रेते सेनेझीत मेंढपाळी मोठी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाट्याने शेती करणारी स्थानिक कुटुंबे शहरांकडे गेली, तेव्हा सार्डिनियाहून आलेल्या मेंढपाळांनी ती ओसाड शेते घेतली आणि आजच्या नामांकित पेकोरीनोमागे त्यांचाही मोठा वाटा आहे. त्यांच्या कळपांबरोबर मारेम्मा जातीचे पांढरे, अंगाने मोठे कुत्रे असतात. लांडग्यांपासून कळप राखणे हे त्यांचे काम, आणि कळपाकडे सरळ चालत येणारा माणूस त्यांना संशयास्पद वाटतो. कळप दिसला की लांबूनच वळसा घ्यावा, मेंढ्या व कुत्रा यांच्या मधून कधीही जाऊ नये, पळू नये, काठी उगारू नये. तो भुंकत जवळ आला तर थांबावे, संथ आवाजात बोलावे आणि त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू बाजूला व्हावे. तुम्ही कळपापासून दूर जात आहात हे त्याला पटले की बहुधा तो परत फिरतो. शेतघरांचे साखळीने बांधलेले कुत्रे आवाज फार करतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

पावसाने दोन ठिकाणी अडचण येते. चिकणमाती भिजली की पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या शेतवाटांवर बुटांना मातीचे थर चढतात आणि ताशी वेग निम्म्यावर येतो. अशा दिवशी समांतर जाणारा डांबरी रस्ता धरावा किंवा मोन्तेरोनी, बुओनकोन्व्हेन्तो यांसारख्या रेल्वे स्थानक असलेल्या गावांमधले अंतर गाडीने कापावे. बुओनकोन्व्हेन्तोचा तटबंदीचा गाभा पाहण्यासारखा आहे, १३१३ मध्ये सम्राट सातवा हेन्री तिथेच वारला. दुसरी अडचण काम्पान्यानो ते ला स्तोर्ता या टप्प्यात आहे. वेयो उद्यानातून जाताना ओढे ओलांडावे लागतात, जोराच्या पावसानंतर तिथले पाणी चढते. आदल्या रात्री मुक्कामाच्या यजमानाला विचारावे आणि ते नको म्हणाले तर रस्त्याने जावे. त्यांचे ऐकण्यात कमीपणा नाही, ओढा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला असतो.

तुम्ही विचारलेले नाही, तरीही शिकारीचे सांगतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून इटलीत शिकारीचा मुख्य हंगाम सुरू होतो. राष्ट्रीय कायद्यानुसार मंगळवारी व शुक्रवारी शिकारीला बंदी असते. इतर दिवशी, विशेषतः शनिवार-रविवारी पहाटे, रानालगत बंदुकांचे आवाज ऐकू येतात. भडक रंगाचा सदरा किंवा पिशवीवरचे आवरण असावे आणि चिन्हांकित वाट सोडून झाडीत शिरू नये. वाटेची खूण लाल-पांढरा पट्टा व पिशवी पाठीवर घेतलेल्या यात्रेकरूचे लहान चित्र अशी असते. खुणा बहुतेक ठिकाणी स्पष्ट आहेत, तरी मार्गाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

पाथस्थ

दिवसांचा हिशेब करून पाहिला. बारा टप्पे, त्यांत गाल्लीनाचा एक मुक्काम वाढला म्हणजे तेरा, आणि हाताशी चौदा. उरलेला दिवस विश्रांतीसाठी बोल्सेनाला द्यावा असे बहुतेक जण सांगतील, कारण सरोवराचा काठ आहे आणि गाव शांत आहे. माझे म्हणणे असे की, तो दिवस आताच कुठेही बांधून ठेवू नका. रादिकोफानीचा उतार वडिलांना जड गेला तर तो प्रोचेनोत खर्च करा. न गेल्यास बोल्सेनाला किंवा वितेर्बोला. मात्र यासाठी प्रोचेनोनंतरची सर्व आरक्षणे एक दिवस मागे-पुढे होऊ शकतील अशीच घेतली पाहिजेत, आणि शेवटचा रविवार साधायचा असेल तर तो दिवस वितेर्बोपर्यंत कुठे ना कुठे वापरून टाकावा लागेल.

मृण्मयी

हे पटले. वितेर्बोपासून पुढच्या तारखा पक्क्या करते आणि त्याआधीच्या बदलता येतील अशा ठेवते. गाल्लीनाच्या आसपासची खोली मात्र आजच पाहते, कारण तिथे पर्याय फारच थोडे दिसत आहेत.